छोट्यांच्या कपाटात कोण कोण राहतं?
सर्वांना सामावून घेणारी चित्रपुस्तकं : निवड, किंमत आणि हिशेब

दर शनिवारी सकाळी मी आमच्या भागातल्या एका बालवाडीत तासभर गोष्टी वाचून दाखवायला जाते. मागच्या पावसाळ्यात एकदा दोन पुस्तकं नेली होती. पहिलं कडक पुठ्ठ्याचं, गुळगुळीत कागदाचं, ३९९ रुपयांचं. त्यात लाल कौलांचं टुमदार घर, पुढे बाग, फाटकापाशी मोटार. मुलांनी ते शांतपणे ऐकलं. दुसरं सोळा पानी, पिना मारलेलं, ५० रुपयांचं. त्यातल्या घरावर पत्रा होता, पत्र्यावर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड आणि दारात पाण्याचं पिंप. चार वर्षांची एक मुलगी उठून पुढे आली, पिंपावर बोट ठेवून म्हणाली, "हे आमचं हाय." मग प्रत्येकालाच आपापल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं होतं. तासाभराचं वाचन दीड तास चाललं.

माझं म्हणणं त्या दोन किमतींतच आलं. सगळ्या तऱ्हेच्या मुलांना जागा देणारी पुस्तकं महाग असतात, ती परदेशातून मागवावी लागतात, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे अशी कितीतरी पुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात आणि काही तर फुकट मिळतात. खर्च करायचा आहे तो लक्ष देऊन निवडण्यावर. ती निवड कशी करावी, कुठे करावी आणि तिला किती पैसे लागतात, ते या लेखात सांगते. वयोगट धरला आहे साधारण एक ते आठ वर्षांचा.

आरसाही हवा, खिडकीही

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांसाठी एक उपमा वापरली, ती आता जगभर वापरली जाते. काही पुस्तकं आरसा असतात, त्यात मुलाला स्वतःचं घर, रंग, बोली, सण दिसतात. काही खिडकी असतात, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं. ही उपमा हवेतून आलेली नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजणी केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांनी केलेली पुस्तकं फक्त १८ निघाली होती.

आपल्याकडे हा प्रश्न रंगापाशी थांबत नाही. जात, धर्म, गाव, बोली, अपंगत्व, मुलगा-मुलगी, आईबाबांचं काम, घरातली माणसं हे सगळं त्यात येतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर कोपीत राहणारं मूल, डहाणूच्या पाड्यावरचं मूल, भिवंडीच्या यंत्रमागाच्या आवाजात झोपणारं मूल, वाशीच्या चौदाव्या मजल्यावरचं मूल, आजीजवळ वाढणारं मूल, दत्तक आलेलं मूल, चाकाच्या खुर्चीवरचं मूल ही सगळी मराठी मुलंच आहेत. यातली किती आपल्या घरातल्या पुस्तकांत आहेत?

चौदाव्या मजल्यावरच्या मुलाला आरशांची टंचाई सहसा नसते, त्याला खिडक्या कमी पडतात. पत्र्याच्या घरातल्या मुलाला खिडक्या पुष्कळ मिळतात, आरसा मिळत नाही. म्हणून सगळ्यांना पुरेल अशी एकच यादी देता येत नाही. आपल्या मुलाकडे काय कमी आहे, हे आधी पाहावं लागतं.

पहिलं काम : घरातली मोजणी (खर्च शून्य)

दुकानात जाण्याआधी घरातली सगळी गोष्टींची पुस्तकं जमिनीवर मांडा. कागद-पेन घ्या आणि मोजा:

• मुख्य पात्र मुलगी असलेली किती? तिच्यामुळे गोष्ट पुढे सरकते, की ती नुसती सोबत आहे?
• सावळी किंवा काळी मुलं किती? ती नायक आहेत, की वाईट माणूस तेवढा काळा रंगवला आहे?
• पात्रांची नावं कोणत्या समाजातली? सलमा, जोसेफ, सिद्धार्थ, बुधी ही नावं कुठे आहेत का?
• घरं कशी आहेत? चाळ, वाडी, पाडा, तांडा, वस्ती यांतलं काही दिसतं का?
• ताटात काय आहे? वरणभाताखेरीज भाकरी-ठेचा, सुकट, अंडं, मटण कुणी खातं का?
• स्वयंपाकघरात कोण आहे? बाबा कधी पोळी लाटतात का? आई कामावर जाते का?
• अपंग मूल आहे का? असल्यास ते खेळतं का, भांडतं का, खोड्या काढतं का?

माझ्याकडच्या ३२ पुस्तकांची अशी मोजणी केली, तेव्हा प्राणी नायक असलेली १४ निघाली. उरलेल्या १८ पैकी ११ मध्ये मुख्य पात्र मुलगा होता आणि अपंग मूल एकाही पुस्तकात नव्हतं. इतकी वर्षं हौसेने जमवलेल्या पुस्तकांची ही स्थिती होती. मग खरेदीची यादी करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

किंमत कशाची असते?

चित्रपुस्तकाची किंमत गोष्टीवरून कमी आणि कागद, बांधणी, प्रतींची संख्या यांवरून जास्त ठरते. हे आकडे ढोबळ आहेत, नेमकी किंमत मलपृष्ठावर पाहावी.

• पिना मारलेली १६ ते २४ पानी मराठी चित्रपुस्तकं: ४० ते १०० रुपये. सामाजिक संस्थांची आणि सरकारी प्रकाशनांची पुस्तकं बहुधा याच गटात येतात.
• जाड कागदाची, मोठ्या आकाराची भारतीय चित्रपुस्तकं, मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा द्विभाषी: १२५ ते ३०० रुपये.
• पुठ्ठ्याच्या पानांची, तान्ह्या मुलांसाठीची पुस्तकं: १५० ते ४०० रुपये.
• परदेशी पुस्तकांच्या साध्या बांधणीच्या आवृत्त्या: ३०० ते ६०० रुपये. कडक बांधणीच्या: ६०० रुपयांच्या पुढे.
• हाताने छापलेली, संग्रही ठेवावी अशी कलापुस्तकं: हजाराच्या आसपास आणि त्यापुढेही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि लहान मुलांच्या चित्रांच्या व रंगवायच्या पुस्तकांवरही तो शून्यच आहे. बिलात पुस्तकाच्या किमतीवर वेगळा कर लावलेला दिसला, तर विचारा. पुस्तकासोबत खेळणं किंवा आवाजाचं यंत्र असेल, तर ती वस्तू वेगळ्या गटात जाऊ शकते. घरपोच पाठवण्याच्या शुल्कावरही कर असू शकतो.

दुसरा हिशेब वाचनाचा. तीन-चार वर्षांचं मूल आवडलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं. ६० रुपयांचं पुस्तक ४० वेळा वाचलं, तर एका वाचनाला दीड रुपया पडला. ४०० रुपयांचं पुस्तक दोनदा वाचून कपाटात गेलं, तर एका वाचनाला दोनशे रुपये पडले. महाग-स्वस्त ठरवताना छापील किंमत पाहावी, त्याचबरोबर आपल्या मुलाची आवडही पाहावी.

वय पाहून निवड

एक ते दोन वर्षं: या वयात पुस्तक चावलं जातं, म्हणून पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे हवेत. चेहरे, घरातल्या वस्तू, माणसांच्या हालचाली पुरतात. अशी मराठी पुस्तकं कमी आहेत. परदेशी पुठ्ठ्याची पुस्तकं घेतलीत, तर शब्द सोडून द्या आणि चित्रं आपल्या बोलीत सांगा. त्यातही वेगवेगळ्या रंगांच्या बाळांचे चेहरे असतील, ते पुस्तक आधी घ्या.

तीन ते पाच वर्षं: एका पानावर एक-दोन वाक्यं, ओळखीची घटना आणि नीट पाहावंसं चित्र. मराठीत या वयासाठी माधुरी पुरंदरे यांचं काम फार मोलाचं आहे. मराठी लेखनासाठी त्यांना २०१६ सालचा बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली 'राधाचं घर', 'बाबाच्या मिशा' ही त्यांची पुस्तकं साध्या घरातली साधी माणसं दाखवतात. उपदेश न करता मुलाचं मन ओळखणं काय असतं, ते त्यांतून कळतं. शब्दांविना असलेली चित्रपुस्तकंही या वयाला उत्तम. वाचता न येणारी आजी आणि वाचता न येणारी नात दोघी ती सारख्याच हक्काने वाचतात.

सहा ते आठ वर्षं: आता 'असं का?' हा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. तूलिका प्रकाशनाचं भीमराव आंबेडकरांवरचं 'द बॉय हू आस्क्ड व्हाय' याच प्रश्नाभोवती बांधलेलं आहे. ते सौम्या राजेंद्रन यांनी लिहिलं असून चित्रं सात्विक गडे यांची आहेत. गटारसफाई आणि मैला साफ करणाऱ्या माणसांच्या मुलांवर सागर कोळवणकर यांचं 'माय नेम इज गुलाब' आणि सी. जी. सलामँडर व समिधा गुंजाळ यांचं 'पू' आहे. आठ वर्षांपुढच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला 'तोत्तोचान' आहेच. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. त्यातल्या शाळेत पोलिओ झालेला मुलगा वर्गातला एक मुलगा म्हणूनच येतो.

कुठे काय मिळतं?

प्रथम बुक्स: २००४ मध्ये सुरू झालेली, नफा न कमावणारी बेंगळुरूची संस्था. मराठीसह अनेक भारतीय भाषांत स्वस्त चित्रपुस्तकं काढते. आपल्या देशातली माणसं, गावं, रंग, कामं यांची विविधता तिच्या पुस्तकांत सहज आढळते. कमी पैशांत सुरुवात करायची, तर इथून करा.

नॅशनल बुक ट्रस्ट: १९५७ पासूनची सरकारी संस्था. नेहरू बाल पुस्तकालय या मालेतली पुस्तकं मराठीतही मिळतात. किमती कमी असतात. काही पुस्तकांची चित्रं जुन्या वळणाची आहेत, म्हणून पानं चाळून घ्यावीत.

तूलिका: चेन्नईची, १९९६ पासूनची. इंग्रजीसह नऊ भाषांत पुस्तकं काढते, त्यांत मराठी आहे. भारतातल्या सर्वसमावेशक चित्रपुस्तकांत हिचं नाव अग्रभागी घ्यावं लागतं. 'कॅच दॅट कॅट'मधली चाकाच्या खुर्चीवरची खोडकर मुलगी मांजर शोधायला निघते आणि गोष्ट तिच्या धडपडीची होते, तिच्या खुर्चीची होत नाही. झाई व्हिटेकर यांच्या पुस्तकातला काली हा साप पकडणाऱ्या इरुळा जमातीचा मुलगा आहे. कोणतं पुस्तक सध्या मराठीत उपलब्ध आहे, ते मागवण्याआधी विचारून घ्या. इंग्रजी प्रत मिळाली, तरी मराठीत सांगायला काहीच हरकत नाही.

हिंदीतून: भोपाळची एकलव्य, तिथलीच एकतारा (जुगनू प्रकाशन) आणि पारधी, गोंड अशा वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करणारी मुस्कान. आपल्याकडच्या मुलांना हिंदी कळतं आणि या पुस्तकांतली वस्ती महाराष्ट्रातल्या वस्तीहून फार वेगळी नाही. एनसीईआरटीची 'बरखा' ही ४० छोट्या पुस्तकांची, चार पायऱ्यांची माला नव्या वाचकांसाठी आहे आणि ती अतिशय स्वस्त आहे. तिची सर्व मुलांसाठीची, ब्रेल आणि स्पर्शाने कळणारी चित्रं असलेली आवृत्तीही काढली गेली आहे.

तारा बुक्स: चेन्नईचीच. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी, कुसुम खरपडे या वारली चित्रकारांसोबत गीता वुल्फ यांनी केलेलं 'डू!' क्रियापदांचं पुस्तक आहे. धावणं, दळणं, नाचणं हे सगळं वारली माणसं करताना दिसतात. आदिवासी कला भिंतीवरच्या शोभेपुरती राहत नाही, ती मुलांच्या भाषेचं पुस्तक होते. किंमत मात्र वरच्या गटातली, म्हणून वाचनालयाने घ्यावं असं पुस्तक.

निवडीला आणखी आधार हवा असेल, तर टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाची दरवर्षीची सन्मान यादी पाहा. ती हिंदी-इंग्रजी पुस्तकांची असते. मराठीत 'पालकनीती' मासिक १९८७ पासून पालकत्वाबद्दल लिहीत आलं आहे, त्याचे जुने अंकही उपयोगी पडतात.

पुस्तक हातात घेऊन पाहायचं असेल, तर पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर आणि आपापल्या गावातली पुस्तक प्रदर्शनं आहेत. २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे एकाच फेरीत अनेक प्रकाशकांचा माल पाहता येतो. प्रदर्शनांत दहा ते वीस टक्के सूट बहुधा मिळते. ती मिळाली, तर वाचलेल्या पैशात आणखी एक पुस्तक घ्या.

हातात घेतल्यावर काय पाहावं?

एक: लेखक आणि चित्रकार यांची नावं आहेत का? 'पन्नास गोष्टींचा संच, फक्त ४९९' असं म्हणणाऱ्या खोक्यात बहुधा ही नावं नसतात. चित्रं इकडून तिकडून गोळा केलेली, सगळे चेहरे गोरे-गुलाबी, गोष्टी कापून-छाटून अर्थ हरवलेल्या. असा संच स्वस्त दिसतो आणि फुकट जातो.

दोन: वेगळं मूल फक्त शिकवण देण्यासाठी आणलं आहे का? आंधळा मुलगा गोड गातो, सगळ्यांना लाज वाटते आणि शेवटी टाळ्या पडतात, अशा गोष्टीत तो मुलगा माणूस उरत नाही. 'बिचारा', 'देवाने हिरावून घेतलं' असे शब्द दिसले, तर पुस्तक खाली ठेवा. रिचा झा यांच्या 'माछेर झोल'मध्ये एक मुलगा आजारी बाबांसाठी कोलकात्याच्या बाजारात मासे आणायला जातो. तो अंध आहे हे आपल्याला हळूहळू उमगतं. अशी मांडणी शोधा.

तीन: मुसलमान पात्र फक्त ईदला आणि ख्रिस्ती पात्र फक्त नाताळला येतं का? आदिवासी नेहमी नाचताना दिसतात का? वर्षाचे उरलेले दिवस ही मंडळी काय करतात? शाळेत जाणारी, अभ्यास न केल्याबद्दल बोलणी खाणारी आयेशा ज्या पुस्तकात भेटते, ते पुस्तक शेवया वाटणाऱ्या आयेशाच्या पुस्तकापेक्षा अधिक कामाचं.

चार: मदत कोण कुणाला करतं? प्रत्येक वेळी शहरातला मुलगा गावातल्याला, श्रीमंत गरिबाला, धडधाकट अपंगाला मदत करतो का? कधीतरी हे उलटं घडू द्या.

पाच: हे जग लेखकाला जवळून माहीत आहे का? आतल्या पानावरचा परिचय वाचा. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने २००८ च्या सुमारास 'डिफरंट टेल्स' नावाची माला केली, तिच्यात दलित, मुस्लिम, कष्टकरी घरांतलं बालपण आतून लिहिलेलं होतं. असा आतला आवाज एकदा ऐकला, की बाहेरून केलेली दयेची चित्रं लगेच ओळखू येतात.

सहा: शेवटची परीक्षा मी स्वतः वापरते. या पुस्तकात ज्या मुलाबद्दल लिहिलं आहे, ते मूल आत्ता माझ्या मांडीवर बसून ऐकत असतं, तर त्याला बरं वाटलं असतं का? उत्तर देताना अडखळायला झालं, तर पुस्तक घेऊ नका.

फुकट आणि जवळपास फुकट

प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे मुक्त व्यासपीठ सुरू केलं. त्यावर मराठीसह तीनशेहून अधिक भाषांतली चित्रपुस्तकं आहेत. वाचायला, उतरवून घ्यायला, छापायला पैसे पडत नाहीत, फक्त मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय द्यायचं. गोष्ट आपल्या बोलीत अनुवादित करायचीही मोकळीक आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या शिक्षकांनी हा हक्क जरूर वापरावा.

इथेही हिशेब हवा. उतरवलेली सोळा पानं कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत छापून घेतली, तर पानाला दहा रुपये धरून १६० रुपये होतात. त्याच पैशात छापील दोन-तीन पुस्तकं येतात. म्हणून फुकटचं पुस्तक पडद्यावर एकदा वाचून पाहा आणि मुलाला आवडलं, तर छापील प्रत विकत घ्या. पडद्यावर वाचताना फोन मुलाच्या हातात देऊ नका, तुमच्या हातात ठेवा आणि मूल मांडीवर घ्या.

पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी आपल्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजीतली हजारो पुस्तकं मुलांसाठी मोफत ठेवली आहेत. जगभरातल्या उत्तम चित्रपुस्तकांचे मराठी अनुवाद तिथे सापडतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही मोफत वाचता येतात.

गावच्या सार्वजनिक वाचनालयाला विसरू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. बालविभागाची वर्गणी सहसा किरकोळ असते. तिथे हवी ती पुस्तकं नसतील, तर ग्रंथपालांना लेखी यादी द्या. मागणी झाली, तर खरेदीच्या यादीत नाव चढतं. सहलीला महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात, तर भिलारला थांबा. २०१७ पासूनच्या त्या पुस्तकांच्या गावात घराघरांत बसून फुकट वाचता येतं आणि बालसाहित्याचं वेगळं घर आहे. गोव्यात पणजीला 'बुकवर्म' वाचनालय २००५ पासून मुलांसाठी उत्तम काम करतं आहे.

आपलं मूल अंध किंवा अल्पदृष्टी असेल, तर मुंबईत वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे ब्रेल साहित्याची चौकशी करा. स्पर्शाने वाचायच्या चित्रांसाठी आयआयटी दिल्लीतून उभी राहिलेली रेज्ड लाइन्स फाउंडेशन ही संस्था आहे.

तीन बजेटं

५०० रुपये: ६० रुपयांच्या आसपासची सहा पातळ पुस्तकं (३६०) आणि १४० रुपयांचं एक मोठं. सहांपैकी दोन आरशाची, चार खिडकीची, किंवा मोजणीत जसं निघालं असेल तसं. एका मुलाचं वर्षभराचं वाचन यात निघतं.

१५०० रुपये: ६० रुपयांची दहा (६००), २०० रुपयांची तीन (६००) आणि पुठ्ठ्याचं किंवा शब्दांविना असलेलं एक (३००).

३००० रुपये, पाच घरांनी मिळून: ६० रुपयांची पंचवीस (१५००), २०० रुपयांची पाच (१०००) आणि प्लास्टिकची आवरणं, चिकटपट्टी, कापडी पिशव्या यांसाठी ५००. प्रत्येक घराचे ६०० रुपये, त्यात तीस पुस्तकं वाचायला मिळतात. म्हणजे एका पुस्तकाला २० रुपये. दर पंधरवड्याला पिशवी पुढच्या घरी जाते. सोसायटीत, चाळीत, बचतगटात ही योजना सहज चालते आणि पिशवीबरोबर मुलंही एकमेकांच्या घरी जातात. खिडकीच्या पुस्तकाचं काम तिथेच अर्धं होतं.

पाठवणं, मागवणं, तक्रार

गावाकडच्या शाळेला पुस्तकं पाठवायची असतील, तर टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा विचारा. ती १ मे २०२५ पासून सुरू झाली. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाच किलोत पातळ चित्रपुस्तकं पन्नासच्या घरात बसतात. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असावं लागतं आणि पार्सल कुठे पोचलं ते पाहता येतं. परदेशातल्या नातवंडांसाठी मात्र ही सेवा उपयोगी नाही. तिथे टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेत पाच-सहा पातळ पुस्तकं द्या आणि उरलेली भूक स्टोरीवीव्हरवर भागवा.

ऑनलाइन मागवताना विक्रेता कोण आहे ते पाहा. मी एकदा घाईने एक जुनं मराठी चित्रपुस्तक २६० रुपयांना मागवलं. घरी आल्यावर पाहिलं, तर मलपृष्ठावरची किंमत ७० होती. वर ५० रुपये पाठवणावळ घेतली होती ती वेगळीच. पुस्तकावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण आहे. मलपृष्ठाचा आणि बिलाचा फोटो काढून आधी विक्रेत्याला लिहा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. मी तसं केलं आणि पैसे परत मिळाले. पण मागवण्याआधी प्रकाशकाच्या यादीत किंमत पाहिली असती, तर हा त्रास झालाच नसता. छपाई धूसर, रंग एकमेकांवर चढलेले, पानं उलटसुलट असतील, तर ती प्रत नकली असू शकते. तीही परत करा.

घरी आणल्यावर

पुस्तक जपून ठेवू नका, मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर मुखपृष्ठ दिसेल असं लावा. फाटलं, तर मुलाला शेजारी बसवून चिकटवा. वाचताना 'बघ, तो बिचारा कसा राहतो' असं म्हणू नका. 'याच्या घरी पाणी कुठे ठेवतात? आपल्याकडे कुठे ठेवतात?' असं विचारा. मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर खरं उत्तर द्या, वयाला पेलेल एवढं. आणि आरशाचं पुस्तक कधी वगळू नका. घरातली बोली, घरातलं जेवण, घरातलं आडनाव पुस्तकात छापलेलं दिसणं ही मुलाला मिळालेली फार मोठी मान्यता असते.

आमच्या बालवाडीतलं ते ५० रुपयांचं पुस्तक आता तीनदा चिकटवून झालं आहे. ३९९ रुपयांचं अजून कोरं करकरीत आहे.

येत्या वाढदिवसाला खेळण्यांच्या दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ काढा, घरातली पुस्तकं जमिनीवर मांडा आणि मोजा. ज्या मुलाला तुमच्या कपाटात अजून जागा नाही, त्याचं एक पुस्तक आणा. त्याला साठ रुपये लागतात.